सोमवार उजाडायच्या आत बोला

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आणि सिनेमा पाहणाऱ्या तमाम मंडळींस,



पत्राचा विषय सरळ आहे. तुम्ही सिनेमे भरपूर पाहता, पाहून झाल्यावर दहापैकी आकडा देता किंवा पाच तारे रंगवता, आणि सोमवारी जेवणाच्या टेबलावर त्यावर तावातावाने बोलता. माझी विनंती अशी की हे बोलणं रविवारी रात्रीपर्यंत उरका. नुसत्या आकड्यावर थांबू नका, कारणासकट लिहा. आणि सिनेमा मराठी असेल तर हे काम टाळू नकाच. सोमवारी दुपारी डबा उघडता उघडता तुम्ही ‘तो मराठी पिक्चर बघ रे, चांगलाय’ असं सांगता, तेव्हा पुष्कळदा तो आपल्या भागातल्या पडद्यांवरून उतरायला लागलेला असतो.

हे कसं होतं ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवा चित्रपट शुक्रवारी लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत खुर्च्या किती भरल्या, त्यावरून पुढच्या दिवसांचे खेळ ठरतात. मोठ्या हिंदी चित्रपटाची किंवा दक्षिणेतून डब होऊन आलेल्या चित्रपटाची गाणी, नट, जाहिराती महिनाभर आधीपासून तुमच्या डोळ्यांवर आदळत असतात. त्याला पहिल्या दिवसाची गर्दी आपोआप मिळते. मराठी निर्मात्याचा सगळा पैसा सिनेमा पुरा करण्यातच संपलेला असतो. त्याची जाहिरात म्हणजे पाहून आलेला माणूस. तो माणूस दोन दिवस गप्प बसला, की संध्याकाळचे खेळ जातात आणि सकाळी दहाचा नि दुपारी सव्वातीनचा एवढे उरतात. मंगळवारी सव्वातीनला हिंजवडी आयटी पार्कच्या फेज थ्रीमधून उठून कोण जाणार? खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि ‘प्रेक्षकच नाहीत’ हे सिद्ध झालं असं धरून गुरुवारी पोस्टर उतरतं.

मी स्वतः एका मराठी चित्रपटाचं शनिवार सकाळचं तिकीट काढलं होतं आणि घरातून निघायच्या आत ‘खेळ रद्द, पैसे परत’ असा निरोप आला. बुकिंग पुरेसं नव्हतं. त्या मल्टिप्लेक्सचं नाव घेऊन काही साधणार नाही, हा प्रकार सगळीकडे होतो. पण त्याच चित्रपटाबद्दल आमच्या ऑफिसातल्या दोघांनी शुक्रवारीच पाहून ‘उत्तम’ असं एकमेकांना सांगितलं होतं, आणि ते आम्हा बाकीच्यांना कळलं बुधवारी.

मताला पूर्वी वेळ मिळायचा. आपल्या शेजारच्या देहूच्या तुकोबांवर प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली पुण्यात ‘संत तुकाराम’ काढला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ५७ आठवडे म्हणजे वर्षाहून जास्त. एकाने पाहायचा, घरी येऊन सांगायचा, गावाकडून पाहुणा आला की त्याला घेऊन पुन्हा जायचं, पाहुण्याने परत जाऊन गावात सांगायचं, मग तिथून चार माणसं यायची, एवढी सवड त्या काळी एका चांगल्या मताला होती. आज त्याच मताला साठ-सत्तर तास मिळतात. निरोप पोचवायची साधनं हजारपट वेगवान झाली आणि सांगणारे मात्र आपण अजून ‘बघू, सोमवारी बोलू’ म्हणतो.

मराठी सिनेमा अजूनही मुख्यतः बोलण्यावरच जगतो. २००४ साली आलेल्या संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये नावाजलेला नायक नव्हता, डोळ्याचा कर्करोग झालेला नातू आणि त्याचे आजोबा एवढीच गोष्ट होती. ‘श्यामची आई’नंतर जवळपास पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते या चित्रपटाने. ३० जून २०२३ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ लागला, तेव्हा वाकड-पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधून बायका घोळक्याने निघालेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. साड्या नेसून, गॉगल लावून, सासू-सून-मावशी एकत्र. त्यांच्यातल्या बहुतेकींनी कुठेही तारे दिले नसतील. पण रविवारी पाहून आलेली बाई त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर लिहीत होती, कोणत्या प्रसंगाला रडले, कोणत्या बहिणीत मी मला पाहिलं, आणि उद्याच्या खेळाला कोण येणार. तो चित्रपट मला स्वतःला बेताचा वाटला. तरी मत कसं पसरवावं हे त्या बायकांकडून शिकण्यासारखं आहे, यात मला शंका नाही.

आता ताऱ्यांकडे येते. चित्रपटाला तारे द्यायची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर या समीक्षिकेने ३१ जुलै १९२८ला ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ नावाच्या मूकपटाला एक तारा दिला, तिथून ती सुरू झाली असं मानतात. तेव्हा तारे देणारी एक व्यक्ती होती, तिचं नाव वाचकाला माहीत होतं, आणि ताऱ्याखाली तिचा मजकूर होता. आपल्याकडे १९३५पासून बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ निघत होतं. त्यांची परीक्षणं इतकी जहाल असत की निर्माते धास्तावून वाचत. पण का झोडलं हे ते पानभर सांगत. पुढे मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूटच्या आधाराने रसग्रहणाचे वर्ग सुरू झाले, फिल्म क्लब निघाले. तिथे खेळ संपल्यावर लोक दिवे लागले तरी उठत नसत. सिनेमा का आवडला यावर भांडत बसत. आकडा तिथे कुणी विचारत नसे.

आकड्याचं युग आणलं ते आपल्यासारख्यांनीच, आणि ही गोष्ट हिंजवडीला ठाऊक हवी. आज जगभर ज्याचा आधार घेतला जातो ते आयएमडीबी १९९० साली कॉल नीडहॅम या ब्रिटिश तरुणाने सुरू केलं. तो ब्रिस्टलला एचपी कंपनीत संगणकावर काम करायचा आणि पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची नोंद ठेवायचा. लेटरबॉक्स्ड २०११ साली न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये दोघा वेब डिझाइन करणाऱ्यांनी काढलं. म्हणजे दिवसभर पडद्यासमोर काम करणारी आणि संध्याकाळी मोठ्या पडद्यासमोर बसणारी माणसंच या साऱ्यामागे आहेत. त्यांनी आधी स्वतःची वही ठेवली आणि मग ती सगळ्यांसाठी उघडली. आपण मात्र तयार वहीत आकडा टाकून मोकळे होतो.

आणि त्या आकड्यामागचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आयएमडीबीच्या सर्वोत्तम अडीचशेंच्या यादीत साधी सरासरी चालत नाही. मतं कमी असतील तर चित्रपटाचा आकडा एकूण चित्रपटांच्या सरासरीकडे ओढला जातो; मतं वाढतील तसा तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. शिवाय त्या यादीत बसायला किमान २५,००० मतं लागतात. आता विचार करा, एखादा मराठी चित्रपट हजारोंनी पाहिला, पण मत नोंदवलं शे-दोनशे जणांनी, तर बाहेरच्या जगाच्या लेखी तो जवळपास नाहीच. रॉटन टोमॅटोजवर ९० टक्के दिसले की आपण दहापैकी नऊ असं वाचतो. तिथे त्याचा अर्थ दहातल्या नऊ समीक्षकांना तो ठीक किंवा त्याहून बरा वाटला एवढाच असतो. सगळ्यांना ‘बरा’ वाटलेला चित्रपट तिथे शंभर टक्के मिळवू शकतो, आणि निम्म्यांना आयुष्यभर पुरेल असा वाटलेला पन्नासावर अडकतो. नेटफ्लिक्सने २०१७ साली पाच तारे काढून टाकले आणि अंगठा वर की खाली एवढंच ठेवलं. हे सगळं रोजच्या रोज डेटा चाळणाऱ्या माणसांनी लक्षात ठेवायला हवं, तरी आमच्या टेबलावर ‘६.८ आहे, जाऊ दे’ एवढ्यावर चित्रपट निकाली निघताना मी पाहते.

आकडे देताना आपल्या हातून काय काय होतं, तेही स्पष्ट बोलायला हवं. न पाहता एक तारा देणारे आहेत: नटाचं कुठलंसं विधान आवडलं नाही, ट्रेलरवरून जातीचा किंवा धर्माचा वास आला, म्हणून. यावर इथे जास्त शाई घालवत नाही. न पाहता दिलेलं मत हे मत नव्हेच. पार्किंगला अर्धा तास गेला, एसी चालत नव्हता, पॉपकॉर्न तिकिटाहून महाग पडलं, याचा राग चित्रपटावर काढणारे आहेत. ती तक्रार खरी असते. ती थिएटरच्या नावाने लिहा. भूमकर चौकात अडकून पहिली वीस मिनिटं हुकली तर दिग्दर्शकाने काय करावं?

पण मला जास्त काळजी वाटते ती उलट बाजूची. ‘मराठी आहे ना, मग पाच’ असं म्हणून डोळे मिटून तारे देणारी आपली माणसं. भावना मला समजते. आपली भाषा ज्या गावात बोलली जायची तिथे आज लिफ्टमध्ये ती क्वचित ऐकू येते, तेव्हा मराठी पाटी, मराठी पडदा दिसला की आपल्याला भरून येतं. तरीही हे करू नका. बेताच्या चित्रपटाला पाच मिळाले, की पाचावर विश्वास ठेवून आलेला माणूस फसतो, आणि पुढच्या वेळी खरोखर पाच तोलाचा चित्रपट येतो तेव्हा तो घरी बसतो. आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ ऑक्टोबर २०२३मध्ये लागला तेव्हा हेच झालं असं मला वाटतं. त्याच वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. शाळेतल्या एकतर्फी प्रेमाच्या गोष्टीत जात, दंगली, नव्वदचं दशक सगळं इतक्या हलक्या हाताने आलं होतं की मी थिएटरात एकटी हसत होते. एकटी, कारण माझ्या रांगेत दुसरं कुणी नव्हतं. पुढे दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला जाहीर झाला, आणि मग सगळे विचारू लागले, कुठे बघायला मिळेल?

मी टेस्टिंगमध्ये काम करते. ‘लॉगिन चालत नाही’ एवढंच लिहिलेला बग डेव्हलपर अर्ध्या मिनिटात परत पाठवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. कुठल्या पानावर, काय केल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहिल्याशिवाय तो बग धरला जात नाही. सिनेमाबद्दलच्या मताला मी हीच शिस्त लावते. नमुन्यादाखल माझीच तीन मतं देते. ती खोडून काढायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

‘दशावतार’, सप्टेंबर २०२५. पाचपैकी साडेतीन. दिलीप प्रभावळकर ऐंशी पार केल्यावर बाबुली मेस्त्री उभा करतात: नजर अधू होत चाललेला दशावतारी, मुलगा म्हणतोय आता पुरे करा, आणि अंगातली कला काही सुटत नाही. मध्यंतरापर्यंत मी मनात पाच लिहून ठेवले होते. नंतर सुडाचं प्रकरण सुरू झालं तसे खलनायक एकाच रंगात बुडवल्यासारखे वाटले, आणि खाणींचा प्रश्न, जो कोकणातल्या माणसाच्या जिवाशी आहे, तो मागे सरकला. माझा एक सहकारी सावंतवाडीकडचा. त्याचं मत नेमकं उलट: ‘दशावतारात शेवटी दुष्टाचं पारिपत्य होतंच, त्याशिवाय खेळ उठत नाही. सिनेमा उत्तरार्धात दशावतारी होतो, तू त्यात सिनेमा शोधत बसलीस.’ मी आकडा बदलला नाही. पण पुन्हा पाहीन तेव्हा कुठे पाहायचं ते त्याच्यामुळे कळलं. असं मत शंभर ताऱ्यांना भारी आहे.

‘स्थळ’, मार्च २०२५. साडेचार. जयंत सोमलकर यांचा चित्रपट, चंद्रपूरकडच्या खेड्यातला. टोरंटोच्या महोत्सवात २०२३ साली नेटपॅक पुरस्कार मिळवून आलेला. कापूस पिकवणाऱ्या बापाची शिकणारी मुलगी सविता, आणि तिला पाहायला येणारी पुरुषमंडळी. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच: नाव काय, उंची किती, शिक्षण काय, आवड कशाची. तिसऱ्यांदा ती ताट घेऊन बाहेर येते तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी खुर्चीत खाली सरकली, जणू तिलाच समोर बसवलं होतं. दिग्दर्शक तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवतो हा माझ्या एका मित्राचा आक्षेप. मी म्हणते त्या पुनरावृत्तीतच चित्रपट आहे. ज्या घरात मुलीला वीस वेळा ‘दाखवलं’ गेलं, तिथल्या बाईला विचारा. अर्धा तारा कापला तो शिक्षकाच्या पात्रासाठी, ते मला घाईत उरकल्यासारखं वाटलं.

‘साबर बोंडं’, तोही सप्टेंबर २०२५चा. साडेचार. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला सनडान्समध्ये जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मुंबईत कॉल सेंटरवर काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाइकांचा ‘लग्न कधी’ हा प्रश्न, लहानपणचा सवंगडी बाळ्या, आणि सगळं जाणून असलेली, मुलाच्या बाजूने उभी राहणारी आई. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘काही घडत नाही, दोन तारे.’ त्याला मी चूक म्हणणार नाही, अर्धवट म्हणेन. कुठे कंटाळा आला, कुणाचं काय व्हावं असं वाटत होतं, ते त्याने लिहिलं असतं तर वाद झाला असता आणि आणखी चौघांनी जाऊन पाहिला असता. शिफ्टमध्ये काम करणारी, आईवडील गावी असणारी, सुतकाला रजा किती मिळेल याचा हिशेब करणारी इतकी मुलं आपल्याकडे आहेत. हा चित्रपट त्यांच्यापर्यंत पोचायला हवा होता.

मत देताना तुम्ही कुठे बसून पाहिलं तेही सांगा. आपण ज्या जमिनीवर काम करतो ती मुळशी तालुक्याची. २०१८च्या नोव्हेंबरात प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला तेव्हा ऑफिसात त्यावर जी चर्चा झाली, ती मला आजही अस्वस्थ करते. आमच्यातल्या बहुतेकांचं म्हणणं, मारामारी फार, गुंडांचं उदात्तीकरण, तीन तारे. मीही त्याच बाजूची होते, आणि काही अंशी अजूनही आहे. आमच्या गेटवर तेव्हा जो रखवालदार होता, त्याच्या घराण्याची भाताची खाचरं इथल्याच एका फेजखाली गेली होती. त्याने हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला होता. मारामाऱ्यांबद्दल त्याला काहीच म्हणायचं नव्हतं. ज्या बापाने जमीन विकली त्याच्यावर दुसऱ्याच्या दारात राखण करायची पाळी येते, मोहन जोशींनी केलेला तो बाप, त्याबद्दल तो बोलला. ‘ताई, तेवढंच खरंय. बाकी पिक्चर आहे.’ एवढं म्हणून तो समोरच्या गाडीचा पास तपासायला गेला.

मी आजवर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात त्या चित्रपटाबद्दल याहून नेमकं काही आढळलं नाही. आणि हे मत कुठल्याही सरासरीत धरलेलं नाही, कारण ते कुणी नोंदवलंच नाही. पुढे त्याच कथेवर महेश मांजरेकरांनी सलमान खानला घेऊन ‘अंतिम’ काढला, २०२१ साली. माझ्या कितीतरी सहकाऱ्यांनी तो पाहिला, तारेही दिले. ही गोष्ट आपल्या पायाखालच्या तालुक्यातून उचललेली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून सांगते, ऑफिसातल्या मंडळींनी आपापसात मतं वाटून घेणं पुरेसं नाही. गेटवरच्या, कँटीनमधल्या, कंपनीच्या बस चालवणाऱ्या माणसांनाही विचारा की काय पाहिलं आणि कसं वाटलं. त्यांची हरकत नसेल तर नाव न घालता त्यांचं म्हणणं आपल्या मतासोबत लिहा. माण, मारुंजी, हिंजवडीच्या जुन्या घरांतली माणसं म्हातोबाच्या बगाडाला हजारोंनी जमतात. त्यांना मतं नाहीत असं समजणं हा आपला अडाणीपणा ठरेल.

आणि आपल्याबरोबर काम करणाऱ्या ओडिशा, तेलंगण, केरळ, बिहारच्या मुलामुलींचं काय? त्यांच्यातल्या कित्येकांना मराठी चित्रपट पाहायचा असतो. बऱ्याच मराठी चित्रपटांना आता इंग्रजी सबटायटल असतात, पण ती आहेत की नाहीत हे तिकीट काढताना धड कळत नाही. तुम्ही मत लिहाल तेव्हा एवढी एक ओळ घाला: सबटायटल आहेत, वाचता येतात, अमुक बोली असली तरी गोष्ट समजते. माझ्या टीममधली एक मल्याळी मुलगी ‘वाळवी’ पाहून आली ती याच एका ओळीच्या भरवशावर. परेश मोकाशींचा तो खुनाचा बेत फसत जाणारा चित्रपट तिला इतका आवडला की तिने तिच्या गाववाल्यांना घेऊन पुन्हा तिकिटं काढली. मराठी चित्रपट मराठी माणसांनीच पाहावा अशी अट कुणी घातलेली नाही. मल्याळी चित्रपट आपण सबटायटल वाचून पाहतोच ना?

सरकारकडून काय होतं तेही थोडक्यात. मराठी चित्रपटांना अनुदान देताना सरकारी समिती त्यांना गुण देते, ‘अ’ दर्जा, ‘ब’ दर्जा ठरवते. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं, गदारोळ झाला, आणि प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा रुंदावला. बारा वाजताचा खेळ नियमात बसतो. नोकरी करणाऱ्याच्या दिवसात बसत नाही. चित्रपटगृह चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आपल्या भागात मराठी चित्रपटाला शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सातनंतरचा एक तरी खेळ द्या आणि पहिल्या सोमवारी तो काढू नका. इथला माणूस सहाला सुटतो, शिवाजी चौक ओलांडायलाच त्याला वेळ लागतो.

दक्षिणेत काही निर्मात्यांनी वेगळाच मार्ग धरला. प्रदर्शनानंतरचे पहिले तीन दिवस कुणी परीक्षण करू नये, अशी मागणी घेऊन तमिळ निर्मात्यांची संघटना २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तशी बंदी घातली नाही, हे योग्यच झालं. पैसे घेऊन केलेली स्तुती आणि ठरवून केलेली बदनामी दोन्ही आहेत, मला मान्य आहे. त्यावर उपाय बोलणं बंद करण्याचा नाही. तिकीट काढून, शेवटपर्यंत बसून पाहिलेल्या माणसांनी पहिल्या तीन दिवसांतच जास्त बोलावं, हा आहे. भाडोत्री मतं गर्दीत हरवतील, पण गर्दी आपली असायला हवी.

तेव्हा मंडळी, येत्या शुक्रवारी जो मराठी चित्रपट लागेल त्याचं तिकीट शनिवार-रविवारचं काढा. घरी पोचल्यावर, झोपायच्या आधी, चार ओळी लिहा. एक प्रसंग नावानिशी सांगा, आवडलेला किंवा खटकलेला. शेवट फोडू नका. आकडा द्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी द्या, आणि नावडला असेल तर तितक्याच मोकळेपणाने तसं लिहा. वाईट चित्रपटाला वाईट म्हणणं हीही मराठीची सेवाच आहे. मराठीत लिहा, आणि जमल्यास त्याखाली दोन ओळी हिंदी-इंग्रजीत, शेजारच्या टेबलासाठी. जिथे तिकीट काढलं तिथे लिहा, सोसायटीच्या ग्रुपवर लिहा, टीमच्या ग्रुपवर लिहा. सोमवारी जेवताना आपण भांडूच. तेव्हा संध्याकाळचा खेळ अजून चालू असेल अशी व्यवस्था रविवारी रात्रीच करून ठेवा.

आपली,
वाकडला राहणारी एक प्रेक्षक